ट्रॉस्टेनाऊचा बोकड

टूवूंबा, १७ मार्च २०२४, रविवार

सुचित्राताई,

जयभीम. सवयीने लिहून गेले, आता खोडत बसत नाही.

तुझं पार्सल मंगळवारी आलं आणि त्याच संध्याकाळी मी तुला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं. फोनवर तू लगेच मोठी बहीण होतेस आणि मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. पत्र जर्मनीत पोहोचायला तीन आठवडे लागतील. तोवर माझा राग निवेल अशी आशा धरू नकोस.

पार्सल उघडायच्या आधी बाबांनी शर्ट बदलला. डायलिसिसचा दिवस होता, हॉस्पिटलमधून नुकतेच आलो होतो, हाताची पट्टीही तशीच होती. तरी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. ‘ट्रॉस्टेनाऊ : साडेसातशे वर्षे’. तीनशे बारा पानं, जाड गुळगुळीत कागद, वर हिरव्या ढालीवर पांढरा बोकड. आणि खाली ‘लेखन : सुचित्रा साळवे-लांगे’.

भिंग घेऊन त्यांनी पहिलं पान वाचलं, मग प्रस्तावना, मग आभार. आभारात बेकरीवाला आहे, अग्निशमन दल आहे, चर्चमधला गायकवृंद आहे, ज्याने ड्रोन उडवून गावाचा फोटो काढला त्याचंही नाव आहे. मग त्यांनी शेवटची सूची काढली आणि ‘साळवे’वर बोट ठेवलं. एकच पान दिलंय, पाचवं, आणि तिथे तू आहेस. पुस्तक मिटून म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.” मग चहा मागितला. त्यांना दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, त्यातला अर्धा कप चहा त्यांनी तुझ्या पुस्तकावर घालवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखी वागते आहेस. १९७४ साली औरंगाबादच्या नागसेनवनातल्या वसतिगृहातून निघालेला, पुण्यात जर्मन शिकलेला, चौतीस वर्षांचा शिवराम साळवे नावाचा माणूस स्कॉलरशिपवर तिकडे गेला. शहरात खोली परवडेना म्हणून ट्रॉस्टेनाऊत फोग्ट मास्तरांच्या माळ्यावर राहिला. त्याच सुमारास आजूबाजूच्या वाड्या एकत्र करून तिथे एक ग्रामपंचायत झाली आणि तिला स्वतःचं मानचिन्ह हवं झालं. जुनी कागदपत्रं वाचणारं गावात कुणी नव्हतं. आपल्याकडे मोडी वाचणारे शोधावे लागतात तसंच त्यांचंही झालं होतं. त्यांची ती जुनी वळणदार लिपी वाचणारा सापडला तो औरंगाबादचा.

दोन वर्षं हा माणूस चर्चच्या पेटीत डोकं घालून बसला. गावाची १२७४ सालची पहिली नोंद शोधली. तीस वर्षांच्या लढाईनंतर गावात फक्त अकरा चुली उरल्या होत्या, त्यांची नावं काढली. बोकडाने शत्रू आल्याची वर्दी देऊन गाव वाचवलं अशी तिथली दंतकथा होती, ती बाजूला सारून दाखवलं की आसपासच्या सात वाड्यांसाठी पैदाशीचा बोकड पोसायचा मान या गावाकडे होता, म्हणून १६१४ च्या ग्राममुद्रेवर बोकड आहे. ती मुद्रा बघून मानचिन्हाचा बोकडही त्यानेच काढून दिला. अकरा वह्या. २०१९ साली आई गेल्यावर घर आवरायला आलीस तेव्हा त्या तूच नेल्यास. “बाबा, यांचं पुस्तक करते,” म्हणालीस. मी तिथेच होते, भांडी बांधत होते.

आपले आजोबा अंगठा उठवायचे. बाबांनी स्वतःचं नाव पहिल्यांदा छापील पाहिलं ते मॅट्रिकच्या निकालात, आणि तो पेपर आईने ट्रंकेत जपला होता. आपल्या घरात छापील नावाला काय किंमत आहे हे मी तुला पत्र पाठवून शिकवायचं का? परक्या कुणी नाव गाळलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. घरातून असं होईल हे मात्र मनात आलं नव्हतं.

गावाचा सोहळा सप्टेंबरात आहे. त्याआधी पुस्तकात त्यांचं नाव घाल. कसं घालायचं ते तू बघ. त्यांचं हृदय आता पंचवीस टक्के काम करतंय. डॉक्टर म्हणाल्या, “लेट्स टेक इट सीझन बाय सीझन.” इथे, तुमच्या उलट, आता उन्हाळा संपतोय.

प्रतीक्षा


टूवूंबा, २८ एप्रिल २०२४, रविवार

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. “हे तुला वाटतं तसं नाही. माझ्यावर विश्वास ठेव. बाबांसमोर हा विषय काढू नकोस.”

हे पत्र आहे की दवाखान्यातली पाटी? विश्वास ठेव म्हणणाऱ्याने आधी काहीतरी सांगायचं असतं. मला वाटतं तसं नाही, तर मग कसं आहे? सासरी, मथियासच्या गावात नाव काढायचं होतं, असं आहे का? सुनेने गावाचा इतिहास लिहिला म्हणून टाळ्या मिळाल्या असतील. मिळू देत. त्या वह्यांतलं जर्मन तुझं नाही, शोध तुझा नाही, तुझी आहेत ती शेवटची चार प्रकरणं, फुटबॉल क्लब आणि नवीन बसथांबा.

चौदा एप्रिलला आम्ही ब्रिस्बेनला जयंतीला गेलो होतो. दोन तास गाडी, बाबांना मागच्या सीटवर उशा लावून नेलं. हॉलमध्ये तिथले आयोजक श्रीनाथ आले, माईक घेऊन म्हणाले, “अंकल, तुम्ही जर्मनीतल्या गावाचं हिस्ट्रीचं बुक लिहिलंय ना? दोन शब्द बोला ना, यंग जनरेशनला इन्स्पिरेशन.” दीडशे माणसं बसली होती. बाबा उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, “ते माझ्या मुलीचं पुस्तक आहे.” आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. तुझ्यासाठी वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. डायलिसिसला बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर केसलर म्हणून एक म्हातारे शेतकरी असतात. त्यांचे पणजोबा जर्मनीतून इकडे डाउन्सच्या पठारावर शेती करायला आले. त्यांच्याकडे एक मग आहे, त्यावर ‘केसलर घराण्याचं’ मानचिन्ह, शॉपिंग सेंटरमध्ये मिळतं तसलं. बाबांनी त्यांना समजावलं की आडनावाला मानचिन्ह नसतं, ते एखाद्या घराला, शहराला, गावाला मिळतं. वर हेही सांगितलं की त्या सिंहाचं तोंड चुकीच्या बाजूला आहे. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. प्राण्याचं तोंड त्या बाजूला हवं, कारण ढाल घेऊन चालताना तो पुढे बघतो. उलट काढला तर पाठ दाखवून पळतोय असा अर्थ होतो. बाबा असे रंगात आले होते की नर्ससुद्धा उभी राहून ऐकत होती.

केसलरनी ऐकून घेतलं. मग बाबांच्या मांडीवरच्या तुझ्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाले, “देन युवर गोट्स बॅकवर्ड्स, मेट.”

बाबांनी पुस्तक उचलून पिशवीत टाकलं. घरी येताना मी म्हटलं, त्या केसलरना काय कळतंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते म्हणाले, “त्याला कळलंय.” तेवढंच. तेव्हापासून पुस्तक हॉस्पिटलात नेत नाहीत. घरी कपाटावर उपडं ठेवलंय.

एवढा जपून ठेवलेला एक विषय होता त्यांचा, तोही तू काढून घेतलास.

म्हणून मी आता तुझ्याकडे काही मागत नाही. तुमच्या गावच्या सरपंचबाईंना मी परवा सरळ पत्र टाकलं. जर्मन मला येत नाही हे तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलीस. डेर, डी, डास माझ्या डोक्यात कधी बसलंच नाही, म्हणून तुला जर्मनी मिळालं आणि मला बाबा मिळाले. पण आता फोन भाषांतर करतो. स्पृहा म्हणाली, “आई, इट साउंड्स लाइक अ थ्रेट.” मी म्हटलं, तसंच राहू दे.

प्रतीक्षा


टूवूंबा, १६ जून २०२४, रविवार

ताई,

सरपंचबाईंचं उत्तर आलं. दोन पानं, टाइप केलेली, वर बोकड छापलेला.

मी काय केलं ते ऐक. पत्र फोनला दाखवलंच नाही. मला वाटलं, माफीपत्र असणार, आणि ते बाबांनीच वाचावं. सकाळी मसूरची आमटी केली, त्यांना चालेल तेवढं मीठ घातलं, स्पृहाला उठवलं आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, “बाबा, आम्हाला मराठीत वाचून दाखवा. जर्मनीहून तुमच्यासाठी आलंय.”

ते वाचायला लागले. “आदरणीय बाई, आपल्या स्पष्ट शब्दांतल्या पत्राबद्दल आभार.” स्पृहा हसली. “श्रीयुत साळवे यांचं नाव पुस्तकात नसावं, अशी विनंती आपल्या भगिनींनी स्वतः केली होती.” मी म्हटलं, बघा. “त्याचं कारण असं की मागच्या वर्षी...” आणि ते थांबले.

मी म्हटलं, “राहू द्या बाबा, मी नंतर वाचते.” म्हणाले, “भाषांतर अर्धं सोडत नाहीत.” आणि पुढचं सगळं वाचलं, ताई, सरळ आवाजात, दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलेलं असावं तसं. मागच्या वर्षी राज्याच्या दफ्तरखान्यातल्या बाईंना एक जुनं खरेदीखत सापडलं. त्यावर त्याच १६१४ च्या मुद्रेचा लाखेतला ठसा आहे आणि त्यात बोकडाचं तोंड दुसऱ्या बाजूला आहे. म्हणजे गावाचा बोकड अठ्ठेचाळीस वर्षं उलटा आहे. अग्निबंबावर, शाळेच्या दारावर, फुटबॉलच्या जर्सीवर. शेजारच्या गावाला कळलं, त्यांनी ट्रॉस्टेनाऊला ‘पळपुट्यांचं गाव’ म्हणायला सुरुवात केली. श्रीयुत साळवे वृद्ध आणि आजारी आहेत, त्यांच्या नावाचा बोभाटा होऊ नये, म्हणून पुस्तकाची सगळी जबाबदारी आपल्या भगिनींनी स्वतःवर घेतली. सभेत लोकांनी विचारलं, तेव्हाही त्या उभ्या राहून म्हणाल्या की चूक आमच्या घराची आहे. “भगिनींबद्दल आपण अभिमान बाळगावा.” इथे पत्र संपलं.

बाबांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नसावं.

मुद्रा पितळेची होती, चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत एका कापडावर ठेवलेली. बाबा आणि फोग्ट मास्तर बघायला गेले. पाद्री म्हणाले, कृपया हात लावू नका. जुनी वस्तू, सगळ्यांनाच सांगत असतील. फोग्ट मास्तर होते तिथेच उभे राहिले. बाबा म्हणाले, “मी दोन पावलं मागे सरकलो. मागे सर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.” हात पाठीमागे बांधले. मग तिथूनच वही काढून बोकड उतरवला.

मुद्रेवर सगळं उलटं कोरलेलं असतं, लाखेवर उठवल्यावर सुलटं दिसतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. बाबांना काय कळत नव्हतं? “लाख माझ्या पिशवीत होती,” म्हणाले. पण त्यासाठी मुद्रा हातात मागावी लागली असती. पुन्हा ‘नाही’ असं ऐकायला लागेल म्हणून त्यांनी मागितली नाही. खोलीवर आल्यावर चित्र उलटवून घ्यायचं, तर लक्ष कशात होतं? म्हणाले, “त्या दिवशी माझं डोकं बोकडात नव्हतं.” पुढे दफ्तरखान्याने लेखी विचारलं, बोकड खरोखर उलट्या बाजूला आहे का? यांनी लिहून दिलं, मुद्रेत असाच आहे. १९८३ साली फोग्ट मास्तरांनी कुठल्याशा ठशाचा फोटो पाठवला तेव्हा त्यांना कळलं. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं ते मूग गिळून बसले.

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. त्या पाद्र्याचा, जो केव्हाच मेलाय आणि ज्याने बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. बाबांनी मागे टाकलेल्या त्या दोन पावलांचा. ती पावलं त्यांना ज्यांनी शिकवली ते कुणी ट्रॉस्टेनाऊचे नव्हते.

स्पृहा म्हणाली, “आजोबा, इट्स ओके, मावशी वॉज प्रोटेक्टिंग यू.” तर बाबांनी टेबलावर हात आपटला. आमटी सांडली. मी त्यांना असं चिडलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. “चूक माझी आहे. ती तिने स्वतःच्या नावावर कशी चढवली? कुणाला विचारून?”

ऐकलंस ना? नाव गाळल्याचं त्यांना वाईट वाटलंय, पण चूक काढून घेतल्याचा त्यांना संताप आलाय. तू त्यांचं काम घेतलंस, त्याच्यावर चूकही घेतलीस, म्हणजे त्यांच्याकडे तिथली दोन वर्षं उरलीच नाहीत. जपायचं म्हणून तू त्यांना मिटवून टाकलंस. आणि मला का सांगितलं नाहीस? मी पोटात ठेवणार नाही म्हणून? मी रोज त्यांच्या गोळ्या मोजते, ताई, मला एवढंही सांगण्यासारखं नव्हतं?

आता माझं ऐक, कारण उद्या तुला कळेलच. मार्चमध्ये मी माझ्या फोनवर तुला ब्लॉक केलं तेव्हा बाबांच्या फोनवरही केलं. तुझा फोन का येत नाही असं त्यांनी चारदा विचारलं. मी सांगितलं, ती सोहळ्याच्या कामात असेल. काल ते काढलं तर यादीत तुझे सत्तावीस अडवलेले कॉल दिसले. मी त्यांना काही सांगितलं नाही. आज पत्र वाचून झाल्यावर सांगितलं. म्हणाले, “तुम्ही दोघी माझं सगळं परस्पर ठरवता.” आणि खोलीत गेले.

तेव्हा मी तुझ्यावर चिडले आहे ते अगदी निर्मळ हातांनी चिडले आहे असं समजू नकोस. पण चिडले आहे.

फोन कर. त्यांना कर, मला नको.

प्रतीक्षा


टूवूंबा, २१ जुलै २०२४, रविवार

ताई,

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता हे तुला उशिरा कळलं. बरं झालं. तू म्हणालीस, “बाबा, लोक हसतील. कुणीतरी लिहीलच की बाहेरच्या माणसाने आमचा बोकड उलटा केला.” आणि बाबा म्हणाले, “बाहेरच्यानेच केला. नाव लिही.” त्यानंतर तू रडत होतीस ते कळत होतं. मग “बरं” म्हणालीस. मीही स्वयंपाकघरात उभी होते, मी काय करत होते ते सांगत नाही.

मुद्द्याचं बोलते. पंचायतीने बोकड सुलटा करायचं ठरवलं आणि पुस्तकात एक जास्तीचं पान चिकटवायला मान्यता दिली, हे तू कळवलंस. मजकूर सरपंचबाईंनी करून पाठवला तो बाबांना दाखवला. “एका परदेशी अभ्यासकाकडून अनवधानाने” असं त्यात होतं. बाबांनी लाल पेनने आडवी रेघ मारली. आता ते म्हणतात तसंच छापायचं.

पंधरा दिवस लागले त्यांना हे लिहायला. गुरुवारी डायलिसिसच्या खुर्चीवर डाव्या हाताने पाटी धरून पक्कं केलं, मग उजव्या हाताला सुया लागल्या म्हणून शेवटच्या ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या. केसलरना इंग्रजीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, “गुड ऑन या, शिव.” जर्मन मजकूर सोबतच्या कागदावर आहे, सही त्यांची आहे. मराठी मी माझ्यासाठी मागून घेतलं, ते खाली उतरवते म्हणजे तुला त्यांचा आवाज ऐकू येईल.

सोहळ्याला ते येऊ शकणार नाहीत. डॉक्टरांनी ब्रिस्बेनपर्यंतही गाडी नको म्हटलंय. त्यामुळे सोहळा झाला की तू इकडे ये. पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. माझा राग अजून तसाच आहे आणि तो मला तुझ्या तोंडावर काढायचा आहे, आता कागदावर पुरे झालं.

आणि या मजकुरातली पहिली वाक्यं तुला गाळावीशी वाटतील, शेवटचं वाक्य सरपंचबाईंना. एकही गाळायचं नाही.

प्रतीक्षा

“ट्रॉस्टेनाऊच्या मानचिन्हातला बोकड १९७५ साली मी काढला. तो उलट्या दिशेने काढला. मुद्रा हातात घेऊन लाखेवर उठवली असती तर ही चूक झाली नसती. मुद्रा मी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती, असं मला आज वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही, त्याचं कारण या गावात नव्हतं. पुढे चूक कळल्यावरही मी ती कळवली नाही, याबद्दल गावाची क्षमा मागतो. ही चूक माझ्या मुलीची नाही, माझी आहे. या पुस्तकातली पहिली चौदा प्रकरणंही माझीच आहेत.

शिवराम भिवाजी साळवे, औरंगाबाद.”